छोट्या क्रूझवर आयत्या वेळी रूट बदलला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ पासून मुंबईहून दोन-तीन-चार रात्रींच्या क्रूझ नियमित सुटायला लागल्या आणि तेव्हापासून नात्यातल्या, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या कितीतरी जणांच्या बुकिंगला मी मदत केलीय. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच येतात, आणि बहुतेक वेळा येतात ते जहाज सुटायच्या आदल्या रात्री, अगदी घाबरलेल्या आवाजात. म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतेय. जास्त भर मुंबई-गोवा-लक्षद्वीपवर आहे, सिंगापूर आणि अमेरिकेतल्या मंडळींसाठी शेवटाकडे वेगळे प्रश्न घेतलेत.

१. रूट बदलला म्हणजे नक्की काय काय बदलू शकतं?

लोकांना वाटतं रूट बदलला म्हणजे गोव्याऐवजी दुसरीकडे नेणार. तसं क्वचितच होतं. सगळ्यात जास्त वेळा होतं ते म्हणजे वेळ बदलते, जहाज चार-सहा तास उशिरा सुटतं किंवा बंदरावर आठ तासांऐवजी चारच तास थांबतं. दुसरं म्हणजे बंदर गळतं आणि तो दिवस समुद्रातच जातो. तिसरं म्हणजे क्रम उलटा होतो, आधी गोवा मग लक्षद्वीप असं. बदली बंदर मिळणं हे मुंबईच्या बाजूला फार कमी, कारण मोठं प्रवासी जहाज लागेल आणि दीड हजार माणसं उतरवता येतील अशी बंदरं या किनाऱ्यावर मोजकीच आहेत. अख्खी ट्रिपच रद्द झाली तर तो प्रकार वेगळा, त्यासाठी प्रश्न १६ बघा.

२. मोठ्या क्रूझवाले म्हणतात एखादं बंदर गेलं तरी चालतं, मग आपल्यालाच एवढा फटका का बसतो?

कारण त्यांच्याकडे सात-आठ बंदरं असतात, आपल्याकडे बहुतेक वेळा एकच. ते गेलं की बाहेर फिरायचं सगळंच गेलं.

आणि दुसरं म्हणजे वेळेचं गणित. मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे ४८५ सागरी मैलांच्या आसपास. जहाज तासाला १६ मैल चाललं तरी तीस तास लागतात. आता मुंबईहून निघतानाच सहा तास उशीर झाला तर भरून काढायला मध्ये मोकळा वेळच नाही, रविवारी किंवा सोमवारी ठरल्या वेळी मुंबईत परत यायचंच असतं कारण त्याच संध्याकाळी पुढचे प्रवासी चढणार असतात, मग कापायला उरतो तो फक्त बेटावरचा वेळ. दहा रात्रींच्या प्रवासात सहा तास कुठेतरी मुरून जातात, तीन रात्रींत मुरत नाहीत. म्हणून बुकिंग करतानाच मनाशी विचारा, हे बंदर मिळालं नाही तरी जहाजावरचे दोन-तीन दिवस आपल्याला आवडतील का? उत्तर नाही असेल तर सरळ विमानाने किंवा ट्रेनने गोव्याला जा, मी हे अगदी मनापासून सांगते, कारण ज्यांना फक्त गोवा हवा होता तेच सगळ्यात दुखावलेले परत आलेत.

३. आभाळ स्वच्छ, ऊन पडलंय, वारा पण नाही आणि तरी म्हणतात लक्षद्वीपला उतरता येणार नाही. हे खरं असतं का?

खरं असतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मलाही तिथे उभं राहीपर्यंत पटलं नव्हतं.

लक्षद्वीपची बेटं म्हणजे प्रवाळाची कडी, आत लगून, म्हणजे उथळ पाण्याचं तळं. मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. म्हणजे प्रश्न जहाजाचा नसतोच, जहाजातून बोटीत पाय टाकायचा जो एक क्षण असतो त्याचा असतो.

आम्ही आईच्या पंच्याहत्तरीला गेलो होतो. सकाळी साडेसहाला डेकवर आलो तर समोर अगत्तीची हिरवी रेघ, त्याच्या अलीकडे लगूनचं ते निळं पाणी, आकाशात एक ढग नाही. आणि खाली जहाजाच्या दारापाशी एक बोट लावून बघत होते. बोट एकदा दाराच्या उंबऱ्याला लागायची आणि चार-पाच सेकंदांत माणूसभर खाली जायची, परत वर, परत खाली. लाट फुटत नव्हती, फेस नव्हता, नुसतं पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. एक खलाशी दोर धरून उभा होता, त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत ताणले जात होते. वीस मिनिटं त्यांनी प्रयत्न केला, मग बोट परत पाठवली आणि अनाउन्समेंट झाली. आईने गुडघ्याला पट्टा लावलेला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कॅप्टनचा राग आलाच नाही.

हे पाणी तिथल्या वाऱ्याने हलत नसतं. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटर लांब वादळ झालं की त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या बाजूला पोचतात, वारा नसतानाही. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्र, याचे इशारे देतं, मे २०२४ मध्ये केरळच्या किनाऱ्याला असा मोठा इशारा दिला होता. तर मोबाईलवरच्या वेदर अ‍ॅपमध्ये सूर्य दिसतोय म्हणून उतरता येईल असं धरून चालू नका, बघायचीच असेल तर लाटांची उंची बघा.

४. गोव्याला तर पक्का धक्का आहे, मग गोवा का गळतो?

लक्षद्वीपपेक्षा कमी वेळा गळतो, पण गळतो. मुरगाव बंदराला लाटा अडवणारा बांध आहे, त्यामुळे आत पाणी शांत असतं, अडचण येते ती आत शिरताना. प्रवासी जहाज म्हणजे दहा-बारा मजल्यांची भिंत असते, तिच्यावर आडवा वारा बसला की टग, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटी, लावूनही धक्क्याला लावणं धोक्याचं होतं. शिवाय बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा माणूस, जहाजावर चढल्याशिवाय आत जाता येत नाही आणि तो चढतो दोराच्या शिडीवरून, समुद्र खवळलेला असेल तर तेही अवघड. कधी कधी धक्क्यावर दुसरं जहाज असतं, कधी मुंबईहूनच उशीर झालेला असतो. कारण विचारलं तर सांगतात, रिसेप्शनवर विचारायला संकोच करू नका.

५. कोणत्या महिन्यात गेलं तर बदल होण्याची शक्यता कमी?

डिसेंबरचा मध्य ते मार्च. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आठवून बघा, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, बिपरजॉय जून २०२३ मध्ये, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि ओखी, ज्याने लक्षद्वीपला झोडपलं, ते २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये.

दिवाळीची सुट्टी नेमकी दुसऱ्या हंगामात येते. दिवाळीत जाऊ नका असं नाही म्हणत, पण तेव्हा जाणार असाल तर प्रश्न ८ आणि १५ नीट वाचा. पावसाळ्यात आपल्या बाजूचं सगळंच थंडावतं, गेटवे-मांडवा बोटी बंद, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटत नाहीत, त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे.

६. बदल होणार हे आपल्याला आधी कळू शकतं का?

थोडंफार. हवामान खात्याचं पत्रक चार-पाच दिवस आधीपासून रोज बघा, त्यात कमी दाबाचा पट्टा, डिप्रेशन, चक्रीवादळ असे टप्पे दिलेले असतात. आणि कोकणातल्या बातम्यांत बंदरावर किती नंबरचा बावटा लागलाय ते येतं. एक आणि दोन नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे, तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदराला वादळी हवामानाचा धोका, पाचपासून पुढे धोक्याचे बावटे. "तीन नंबरचा बावटा लागला" अशी बातमी रत्नागिरी-मालवणकडून आली की तुमच्या जहाजाच्या वेळेवर परिणाम होणार असं धरून बॅग भरा.

एक साधी गोष्ट, पण हिच्यामुळे मी तीन कुटुंबांना ताटकळताना बघितलंय. कंपनीचा मेसेज बुकिंगवर जो नंबर आणि ईमेल आहे त्यावर जातो, आणि एजंटकडून बुक केलं असेल तर पुष्कळदा तिथे एजंटचाच नंबर असतो. एजंटने रविवारी फोन बघितला नाही की तुम्हाला काही कळत नाही. पैसे भरल्याच्या दिवशीच कंपनीला फोन करून तुमचा स्वतःचा नंबर टाकून घ्या.

७. जहाज सहा तास उशिरा सुटणार असा मेसेज आला आणि आम्ही पुण्याहून ऑलरेडी निघालोय, आता काय?

आधी मेसेज नीट वाचा की सुटायची वेळ बदललीय का चेक-इनची पण बदललीय. पुष्कळदा फक्त जहाज उशिरा सुटतं पण आत घ्यायला आधीच सुरुवात करतात, अशा वेळी उशिरा गेलात तर चेक-इन बंद झालेलं असू शकतं. मेसेजमध्ये स्पष्ट नसेल तर फोन लावा.

चेक-इनही पुढे गेलं असेल तर टर्मिनलवर जाऊन बसू नका, बॅलार्ड पिअरला, जिथून क्रूझ सुटतात, गेटवर सामान घेऊन उन्हात उभं राहणं ज्येष्ठांना फार जड जातं. सीएसएमटी तिथून दीडेक किलोमीटरवर आहे, स्टेशनच्या क्लोक रूमला सामान ठेवा आणि फोर्टात कुठेतरी नीट जेवून घ्या. जेवून घ्या हे मुद्दाम सांगते, कारण सगळे "जहाजावर गेल्यावर जेवू" म्हणून थांबतात आणि मग डायबिटीसवाल्या माणसाला चार वाजता घाम फुटतो. औषधं, पाणी, चार्जर आणि एक बदलायचा कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग एकदा दिली की खोलीत पोचायला रात्र होते.

८. परतीचं ट्रेनचं किंवा विमानाचं तिकीट कधीचं काढू?

जहाज सकाळी आठला येणार असं लिहिलं असलं तरी त्या दिवशी दुपारी तीनच्या आतलं काहीही घेऊ नका. जहाज लागलं म्हणजे तुम्ही उतरलात असं नसतं, डेकप्रमाणे उतरवतात, सामान शोधायचं, रांगा असतात, दोन-अडीच तास सहज जातात. पुण्याच्या मंडळींना मी संध्याकाळी ५:१० ची डेक्कन क्वीन सांगते, त्यातही जहाज उशिरा आलं तर शिवनेरी आहेच. नागपूर, नांदेड, कोल्हापूरवाल्यांनी रात्रीची गाडी घ्या. विमान असेल आणि वादळाचा हंगाम असेल तर सरळ दुसऱ्या दिवशीचं. एका रात्रीचं हॉटेल पाच माणसांच्या बुडालेल्या विमान तिकिटांपेक्षा खूप स्वस्त पडतं, आणि ट्रेनचं कन्फर्म तिकीटही चार्ट लागल्यावर गेलंच म्हणून समजा.

जायच्या बाजूलाही तोच नियम, बाहेरगावचे असाल तर आदल्या दिवशी मुंबईत या.

९. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

भाड्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. तुम्ही जी टर्म्सवर टिक करता त्यात लिहिलेलं असतं की सुरक्षिततेसाठी कॅप्टन मार्ग बदलू शकतो आणि त्यासाठी कंपनी भरपाई देणार नाही. बहुतेक कंपन्यांचं हेच असतं.

पण तीन गोष्टी मागता येतात आणि मागाच. एक, बिलात पोर्ट चार्जेस किंवा पोर्ट टॅक्स अशी वेगळी ओळ असेल आणि त्या बंदराला जहाज लागलंच नसेल तर त्या बंदरापुरते पैसे परत किंवा जहाजावरच्या खात्यात जमा व्हायला हवेत. दोन, बंदरावरची टूर जहाजाकडूनच बुक केली असेल तर तिचे पैसे परत मिळतात, बहुधा आपोआप खात्यात येतात पण शेवटच्या रात्री बिल तपासून घ्या. तीन, हे लोकांच्या लक्षात येत नाही, गोवा गळल्यावर तुमची ट्रिप नुसती हाय सीज म्हणजे समुद्रात फिरून यायची ट्रिप झाली. तीच कंपनी हाय सीज ट्रिप वेगळ्या, पुष्कळदा कमी दराने विकत असेल तर त्या फरकाबद्दल लेखी विचारा. देतीलच असं नाही, पण शांतपणे लिहिलेल्या मेलला पुढच्या बुकिंगवर सवलत मिळालेली मी बघितलीय.

१०. आम्ही गोव्यात बाहेरची टॅक्सी आणि हॉटेल आधीच बुक केलंय. आणि जर आम्ही गोव्यालाच उतरणार असू तर?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टॅक्सी बाहेरून केली असेल तर पूर्ण पैसे आधी देऊ नका, ड्रायव्हरला सांगून ठेवा की जहाज लागलं की फोन करतो. गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांना जहाजाचं वेळापत्रक आपल्यापेक्षा आधी कळतं, खूप वेळा त्यांचाच फोन येतो.

गोव्याला उतरून पुढे चार दिवस राहायचं अशी एका बाजूची बुकिंग असेल तर मात्र फार सांभाळून. जहाज मुरगावला लागलंच नाही तर ते तुम्हाला मुंबईतच आणून सोडणार, मग मुंबई-गोवा तिकिटाचा खर्च कोणाचा हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच घ्या आणि पहिली रात्र शक्यतो रिकामी सोडा. आणि विमानाने परतणार असाल तर दाबोळी आणि मोपा यात गोंधळ करू नका, दाबोळी बंदरापासून अगदी जवळ आहे, मोपा म्हणजे गोव्याचं दुसरं टोक.

११. रिसेप्शनवर जाऊन जोरात भांडलं तर काही होतं का?

बंदर परत मिळत नाही. उतरायचं की नाही हा निर्णय कॅप्टनचा असतो, रिसेप्शनवरच्या मुला-मुलीच्या हातात काही नसतं, आणि ते पोरगं बहुतेक वेळा आपल्याच कुठल्यातरी गावातून पहिल्यांदा समुद्रावर आलेलं असतं. एका ट्रिपला रत्नागिरीची एक मुलगी काउंटरवर होती, सकाळपासून दोनशे माणसं तिच्यावर ओरडून गेली होती, माझ्या आत्याने तिला फक्त "बाळ, जेवलीस का?" विचारलं तर तिचे डोळे भरून आले.

माहितीसाठी आणि पैशासाठी मात्र जरूर जा, आणि गर्दी ओसरल्यावर जा. अनाउन्समेंटनंतरचा पहिला तास सोडा. काय विचारायचं ते प्रश्न ९ मध्ये आहे, जे बोलणं होईल ते ईमेलवर मागून घ्या.

१२. बंदर मिळालं पण वेळ चारच तास उरलाय, काय बघता येईल?

गोव्यात चार तास असतील तर कळंगुट-बागाचा विचार सोडून द्या. मुरगाव वास्कोच्या बाजूला आहे, पणजी साधारण तीस किलोमीटर. नवा झुआरी पूल झाल्यापासून रस्ता सुधारला हे खरं, पण शनिवार-रविवारी ट्रॅफिक सांगता येत नाही. बोगमाळो बीच जवळ आहे, वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय आहे जे मुलांना फार आवडतं, फक्त ते सोमवारी बंद असतं. सडा इथलं जपानी गार्डन तर बंदराच्या डोक्यावरच, तिथून आपलं जहाज दिसतं. ज्यांना ओल्ड गोव्याचं बासिलिका चर्च बघायचंच आहे त्यांनी सहा तास तरी असतील तरच निघावं.

जहाजावर परतायची वेळ सुटायच्या वेळेच्या तासभर आधीची असते. ती कार्डावर किंवा रोजच्या पत्रकात छापलेली असते, आणि रूट बदलला की जुनं पत्रक चुकीचं ठरतं! उतरताना दारावरच्या बोर्डाचा फोटो काढा, शेवटची खरी वेळ तीच.

१३. सोबत ऐंशीच्या आजी आहेत आणि लहान मुलं आहेत, दिवस समुद्रातच वाढला तर त्रास होईल का?

रूट बदलायचं कारण खवळलेला समुद्र असेल तर जहाज हलणार. खोली शक्यतो मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, उलटी झाल्यावर उपयोग नाही, आणि तिने झोप येते म्हणून बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक आणि आवळा सुपारी बरोबर ठेवा, मला स्वतःला आलेपाकाने बरं वाटतं. रिकाम्या पोटी राहू नका. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. जहाजावर डॉक्टर असतो पण तो वेगळे पैसे घेतो, आणि तुमच्या नेमक्या ब्रँडची गोळी तिथे असेलच असं नाही.

१४. समुद्रात फोन लागत नाही, घरचे घाबरतील, त्यांना कसं कळवायचं?

निघायच्या आधीच घरी सांगा की दोन दिवस फोन बंद असेल आणि वेळ बदलू शकते, कंपनीचा नंबर आणि बुकिंग नंबर घरच्या एकाकडे देऊन ठेवा. किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून धक्का बसतो. बदल कळल्यावर घरी एक मेसेज करायचा असेल तर जहाजाचं वायफाय एका माणसाने घ्यावं, सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. किनाऱ्याजवळून जाताना अधूनमधून रेंज येते पण तिच्या भरवशावर राहू नका.

१५. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हे कव्हर होतं का?

उशिरामुळे चुकलेलं विमान, आजारपण, हॉस्पिटल हे चांगल्या पॉलिसीत असतं. बंदर गळलं म्हणून पैसे हा मुद्दा वेगळा लिहिलेला असेल तरच मिळतो आणि साध्या पॉलिसीत तो सहसा नसतो. क्रूझ हा शब्द पॉलिसीत आहे का ते शोधा. आणि बुकिंग केलं त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या, कारण वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत.

१६. अख्खी क्रूझच रद्द केली किंवा तारीख बदलली तर?

इथे तुमची बाजू बंदर गळण्यापेक्षा खूपच बळकट असते. कंपनीने रद्द केली तर पैसे परत, दुसरी तारीख किंवा पुढे वापरायचं क्रेडिट असे पर्याय येतात. क्रेडिट घ्यायची घाई करू नका, त्याची मुदत, सुट्टीच्या दिवसांत चालतं का, दुसऱ्याच्या नावावर देता येतं का हे बघा. पैसे हवे असतील तर लेखी "मला रिफंड हवा" एवढंच लिहा. एजंटमार्फत घेतलं असेल तर पैसे आधी त्याच्याकडे जातात, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे एजंटकडे चार महिने अडकले होते, म्हणून कंपनीकडून रिफंड दिल्याची तारीख मागून घ्या, मग एजंटला टाळता येत नाही. तरी नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते.

१७. रात्री जहाज अचानक उलट वळलं आणि सकाळी बंदराला उशीर झाला, कोणी काही सांगितलं नाही. काय असू शकतं?

बहुतेक वेळा प्रवाशाची तब्येत. हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक असेल तर जहाज जवळच्या बंदराकडे वळतं किंवा तटरक्षक दलाची बोट येईल अशा जागी थांबतं. दुसरं कारण म्हणजे समुद्रात कोणी संकटात असल्याचा संदेश, तो मिळाला की मदतीला जाणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याने प्रत्येक जहाजाच्या कॅप्टनवर बंधनकारक आहे, मग ती मच्छीमाराची होडी का असेना. खाजगी गोष्ट असल्यामुळे सगळं सांगत नाहीत. त्या रात्री तुमचे चार तास गेले असतील पण ते कोणाच्या तरी घरच्या माणसासाठी गेलेत.

१८. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ घेतलीय, बंदर बदललं तर व्हिसाचं काय?

सिंगापूरहून निघून पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत येणं म्हणजे सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. बहुतेकांना तसाच मिळतो, पण छापलेलं स्वतः वाचा. ज्या ज्या देशाचं बंदर मूळ वेळापत्रकात आहे त्या सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म आणि नियम बघून ठेवा, क्रूझ लाइन जे सांगते ते अंतिम, कारण कागद अपुरा असेल तर ती जहाजावर चढूच देत नाही. ऐनवेळी थायलंडऐवजी मलेशिया झालं तर काय भरायचं ते जहाजावर सांगतात, तेव्हा पासपोर्ट आणि फोटोची सॉफ्ट कॉपी फोनमध्ये असू द्या. घड्याळ पण बघा, फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे आणि परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते.

१९. आम्ही अमेरिकेत एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, मेक्सिकोची छोटी क्रूझ चालेल असं ऐकलं, खरं का?

नियम असा आहे की आय-९४, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद, चालू असेल तर तीस दिवसांच्या आत मेक्सिको किंवा कॅनडाहून संपलेल्या स्टॅम्पवरही परत येता येतं, त्याला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. पण एच-वन-बी ला ही सोय फक्त त्या दोन देशांपुरती आहे. आसपासची बेटं फक्त एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना चालतात. आता फ्लोरिडाहून मेक्सिकोतल्या कोझुमेलला निघालेलं जहाज वादळामुळे बहामासला वळलं तर? चक्रीवादळाच्या हंगामात, जून ते नोव्हेंबर, हे अगदी होण्यासारखं आहे आणि तेव्हा परतताना तुम्ही नियमाच्या बाहेर. म्हणून स्टॅम्प संपला असेल तर माझं स्पष्ट मत, क्रूझ घेऊ नका, आणि घ्यायचीच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

२०. बाबांची एकसष्टी बेटावर करायची असं ठरवलंय, सरप्राइज आहे. रूट बदलला तर सगळंच फसेल का?

बेटावर ठेवू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री जहाजावर ठेवा, केक आणि टेबलासाठी चढल्या चढल्या सांगा. बेट मिळालं तर तिथे फोटो काढा. जहाजावर निरांजन, मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटवता येत नाही, तेव्हा औक्षणाचा विचार आधीच करून जा.

आईचं औक्षण आम्ही अगत्तीच्या वाळूत करणार होतो. ते गेलं तेव्हा संध्याकाळी डेकवरच केलं. ताटात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि माझ्या बहिणीची अंगठी, न पेटवलेलं निरांजन तसंच ठेवलं होतं. सुपारी आणि अंगठी ओवाळली. शेजारच्या टेबलावरच्या एक अनोळखी गुजराती काकू उठून आल्या आणि त्यांनीही आईला कुंकू लावलं, आणि वाऱ्याने अर्ध्या अक्षता समुद्रात गेल्या.